उकळलेल्या तारा आणि अध्यक्षांची कवळी

चि. घुम्यास,

ताईचे आशीर्वाद. तू खुशाल आहेस असं मी गृहीत धरते, कारण तू काही कळवणार नाहीस. मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं, त्यात "बरा आहे" एवढाच मजकूर होता आणि त्यातलाही अर्धा पुसट होता. पोटाचं कसं आहे? नव्या गावात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लोक जेवायला सोडतात की नाही? (उभ्याने जेवू नकोस. लिफ्टच्या टपावर बसून तर मुळीच जेवू नकोस. मला माहीत आहे तू ते करतोस.) इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या भाऊजींची कंबर मधून मधून धरते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहीन, कारण त्या कंबरेचा या प्रकरणाशी संबंध आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं की बँडने ठराव केला आहे. पोहण्याच्या तलावाची दुरुस्ती एकदाची संपली आणि तलाव पुन्हा उघडेल त्या संध्याकाळी आपला बँड तिथे वाजणार आहे. त्या दिवशी बास गिटार तू वाजवावीस आणि त्यासाठी रजा काढून यावंस, असं सर्वानुमते ठरलं. तुझी बदली झाल्यापासून ती मी वाजवते हे तुला ठाऊक आहेच. माझा सूर खोल जात नाही असं मंडळींचं म्हणणं पडलं. तू माझा सख्खा भाऊ, म्हणून पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. थोडक्यात, माझ्या जागी दुसऱ्याला बोलावण्याचं पत्र मीच लिहायचं आहे. तर लिहिते आहे. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकायची मला सवय नाही. टपालात टाकण्याआधी हे पत्र वन्सं वाचणार आहेत, कारण मी तुझं येणं टळेल असं काहीतरी लिहीन अशी त्यांना शंका आहे. (नणंद म्हणून त्यांचा माझ्यावर जो विश्वास आहे, तो लग्नाच्या दिवसापासून तसूभरही वाढलेला नाही. हे वाक्यही त्या वाचतील. वाचू देत.)

आता हे इथवर कसं आलं ते सांगते, म्हणजे आल्यावर तुला इतरांकडून उलटसुलट ऐकावं लागणार नाही. तू गेलास त्या दिवशी गिटार आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवलीस आणि दारातून म्हणालास, "ताई, पुसू नकोस." मला वाटलं, संकोचाने म्हणतोयस. माणसं जाताना म्हणतातच तसं, कप राहू दे, विसळू नकोस, चादर राहू दे, घडी घालू नकोस. आणि आपण विसळतो, घडी घालतो. एरवी महिन्यात तीन वाक्यं बोलणारा माणूस त्यातलं एक वाक्य पुसण्यावर खर्च करतो, यावरून मी काहीतरी ओळखायला हवं होतं असं आपले ड्रमवरचे कवळीवाले म्हणतात. कवळीवाल्यांना काय जातं म्हणायला. मी आयुष्यभर हॉस्पिटलात अवजारं निर्जंतुक करण्याच्या खोलीची प्रमुख होते. माझ्या हाताखालून साधा चिमटादेखील अस्वच्छ गेलेला नाही. आणि तुझ्या त्या तारा मी भिंगातून पाहिल्या, घुम्या. तुझ्या तरुणपणापासूनचा सगळा घाम, तंबाखू, तेलकट वडे खाऊन न धुतलेली बोटं आणि बहुधा लिफ्टचं वंगण, असं सगळं त्या तारांच्या पिळांत थराथराने बसलेलं होतं. मी तारा उतरवल्या, सगळ्यात मोठ्या पातेल्यात पाणी आणि सोडा घालून उकळल्या, ब्रशने घासल्या, पुन्हा उकळल्या. पाण्यावर जे तरंगलं त्याचं वर्णन करत नाही. मग लाकूड साबणाच्या पाण्याने धुतलं, बटणं घासली. तारा परत चढवल्या तेव्हा त्यांत मला माझा चष्मा दिसत होता.

मी वाजवायला का बसले, असं तू विचारणार नाहीस, पण सांगते. इतकी वर्षं तुमच्या तालमींना मी कोपऱ्यात विणत बसले. वन्सं ऑर्गनवर, ड्रायव्हिंग मास्तर साध्या गिटारवर, कवळीवाले ड्रमवर आणि तू त्या खांबाला टेकून डोळे मिटलेला. तुझं ते डब संगीत म्हणजे काय, हे मला कुणी समजावलं नाही. मी बघून बघून समजले. गाणं घ्यायचं, त्यातला गाणारा काढायचा, मग शब्द काढायचे, मग चाल काढायची, मग जे काही ऐकण्यासारखं असेल ते काढायचं आणि उरलेल्या मोकळ्या खोलीत तू एकट्याने गुरगुरत बसायचं. सगळे मिळून तुझे सूर किती, तर दोन्ही हातांची बोटंही लागू नयेत. प्रत्येक सूर मला पाठ होता. वस्तू घरात पडून राहू नये या मताची मी आहे. शिवाय तू गेल्यावर मंडळी बासशिवायच वाजवायला लागली होती. ते म्हणजे चार पायांचं टेबल तीन पायांवर उभं करून त्यावर ताटं मांडण्यासारखं होतं. मी सुया ठेवल्या आणि गिटार गळ्यात घातली. कुणी नको म्हणालं नाही. (वन्सं म्हणाल्या. पण त्या माझ्या बाबतीत आधी नको म्हणतात आणि मग प्रश्न काय होता ते विचारतात.)

पहिल्या तालमीत मी पहिला सूर छेडला आणि कवळीवाले ड्रम सोडून दार उघडायला गेले. परत येऊन म्हणाले, "दारावरची घंटा वाजली, गिऱ्हाईक आलंय असं वाटलं." मी पुन्हा वाजवलं. ते पुन्हा उठले नाहीत, पण दाराकडे बघत राहिले. स्टीलच्या ट्रेमध्ये चिमटा टाकावा तसा आवाज येत होता, हे मला मान्य आहे. मला तो आवाज आवडतो, हा भाग वेगळा. नोकरीत तो दिवसभर ऐकला आणि त्याचा अर्थ काम चालू आहे असा होता.

फळीवरच्या जबड्यांची तर गोष्टच निराळी. तालीम कवळीवाल्यांच्या कारखान्यात होते हे तुला माहीतच आहे आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गावातल्या निम्म्या लोकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, हेही. पण तू डोळे मिटून वाजवायचास, त्यामुळे तुझ्या सुरांनी ते जबडे काय करायचे ते तू कधी पाहिलं नसशील. मी पाहिलंय. तुझा सगळ्यात जाड तारेवरचा सूर निघाला की आधी खालच्या फळीवरचे कुजबुजल्यासारखे हलायचे, मग वरच्या फळीवरचे दातावर दात वाजवायचे आणि गाणं संपेतो सगळे मिळून फळीच्या काठाशी येऊन रस्ता बघत उभे राहायचे. मग कवळीवाले त्यांना हाताने मागे ढकलायचे आणि तुम्ही दुसरं गाणं घ्यायचात. माझ्या सुराने जबडे हलले नाहीत. खिडकीतल्या काचेच्या बरण्या तेवढ्या किणकिणल्या. कवळीवाल्यांनी फळ्यांकडे बघून मान हलवली. त्या दिवसापासून सगळे माझ्याऐवजी फळ्यांकडेच बघायला लागले. माणूस वाजवतो आणि निकाल दुसऱ्यांचे दात देतात, ही पद्धत मला पटलेली नाही.

मग उपाय सुरू झाले. ड्रायव्हिंग मास्तर म्हणाले, टोनचं बटण पूर्ण खाली करा, सगळा चकचकीतपणा जाईल. बरोबर. पण बटणांवरची अक्षरं मी घासून काढलेली. एका बटणाने आवाज मोठा होत होता, एकाने काहीच होत नव्हतं आणि तिसरं माझ्या हातात आलं. शेवटी टोनचं बटण सापडलं. ते खाली केलं, तारा खाली जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळचं, आवाज उचलणारं पिकअप बंद करून गिटारच्या मानेजवळचं चालू ठेवलं, अँपवर खालचे आवाज वाढवले आणि वरचे मारून टाकले. आता चिमटा ट्रेऐवजी बादलीत पडत होता. ही प्रगतीच म्हणायची, पण जबडे ढिम्म. (ड्रायव्हिंग मास्तरांची एक खोड तुला आठवत असेल. कुणाचा ताल चुकला की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक मारतो. माझ्या वेळी तो पाय वरच आला नाही.)

त्यानंतर स्पंज. घोडीपाशी तारांखाली स्पंजाचा तुकडा सरकवला की सूर लांबत नाही, पोटातून येतो आणि लगेच बसतो, असं कवळीवाल्यांनी सांगितलं. चांगला स्पंज घरात एकच होता आणि तो तुझ्या भाऊजींच्या कंबरेच्या उशीत होता. मी उशीच्या मागच्या बाजूने नीट चौकोन कापला आणि खोळ पूर्ववत शिवली. पहिला तुकडा जाड निघाला. गिटारमधून ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज यायला लागला. म्हणून पातळ तुकडा कापावा लागला, तोही त्याच उशीतून. तुझे भाऊजी दोन दिवस खुर्चीत कूस बदलत बसले. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "या उशीला खड्डा पडलाय की मला?" मी म्हटलं, वयाने पडतो. ते विश्वास ठेवून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी मलम दिलं. खड्डा अर्थात तिथेच आहे. पण पातळ स्पंजाने सूर पुष्कळ बसला हे खरं आणि एक-दोन जबडे जरा थरथरल्यासारखे वाटले. वन्सं म्हणाल्या, बाहेरून ट्रक गेला.

खरी अडचण तारांची, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. खोल सुराला तारांवर मळ हवा. मळ येतो कसा, तर वर्षानुवर्षांच्या घाणेरड्या हातांनी. मी वाजवायला बसण्याआधी साबणाने हात धूत होते आणि उठताना तारा फडक्याने पुसत होते. हे ऐकून कवळीवाल्यांनी कपाळाला हात लावला. मग ड्रायव्हिंग मास्तरांना पुढे केलं. त्यांच्या तळहातांना दिवसभर शिकाऊ माणसांच्या भीतीचा घाम येतो. म्हणजे भीती शिकणाऱ्याची असते, पण घाम मास्तरांना येतो. क्लास संपला की त्यांनी तडक यायचं, हात न धुता तारांवरून मागेपुढे चोळायचे, अशी व्यवस्था लावली. ते बिचारे इमानाने चोळत. ज्या दिवशी कुणी रिव्हर्स घेताना भिंत पाडलेली असे, त्या दिवशी तारा विशेष छान भिजत. वन्संनी हे एकदा पाहिलं आणि "शी" म्हणून तोंड फिरवलं. ज्या माणसाने हे वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने केलं तो यांना प्रिय, आणि मी बाहेरून मदत घेतली तर शी.

हात माझाही बदलावा लागला. बोटांनी घोडीपाशी वाजवत होते ते सोडून मानेच्या मुळाशी, अंगठ्याच्या कडेने. अंगठ्याला फोड आला, फुटला, पुन्हा आला. तेही झालं. सूर आता जाड आणि काळा यायला लागला, पण बसत नव्हता. तेव्हा कवळीवाले एकदा ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "ताई, रागावू नका. दोन सुरांच्या मधे तुम्ही काय करता?"

"पुढच्या सुराची तयारी."

"ती करू नका."

"मग काय करू?"

"काही नाही. घुम्या काही करत नसे."

यावर वन्सं ऑर्गनवरून न वळता म्हणाल्या, "तिला मधे गप्प राहायला सांगताय? आमच्या घरात हे कुणाला जमलेलं नाही." ड्रायव्हिंग मास्तर हसले आणि मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. त्याच बैठकीत वन्संनी तुला बोलावण्याचा ठराव मांडला. त्या म्हणाल्या, उद्घाटनाला गाव येणार, तिथे शिकत बसता येणार नाही. मास्तरांनी हात वर केला, कवळीवाल्यांनी खाली बघत हात वर केला. मीही केला. नाही कसा करणार? एकट्या माझाच हात खाली दिसला असता. घरी आले आणि सुया काढून बसले. काहीच विणलं नाही. तुझे भाऊजी म्हणाले, "आज वाजवायचं नाही?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. ते म्हणाले, "नाही, सवय झाली होती." उशीचा बळी गेलेला माणूस असं म्हणतो, तेव्हा वाईट वाटतं, एवढंच मी लिहीन.

पण ठराव झाला म्हणून तालमी थांबल्या नव्हत्या आणि त्या काही न करण्याचा मी विचार करत होते. भांडी घासता घासता लक्षात आलं की आयुष्यभर मी नर्सेसना एकाच गोष्टीवरून झापलं. वाफेच्या भांड्याचं झाकण लावलं की मधे उघडून बघायचं नाही. होतंय का, झालं का, कितपत झालं, काही नाही. झाकणावर हात ठेवायचा आणि थांबायचं. आत काम चालू असतं. पुढच्या तालमीत मी तेच केलं. अंगठ्याने सूर काढला आणि तळवा तारांवर झाकणासारखा ठेवला. थांबले. कवळीवाल्यांची काठी पडली, मास्तरांच्या गिटारचं ते च्यक झालं, वन्संचा ऑर्गन मधेच एकदा बुडबुडला आणि मी थांबलेलीच. मग पुढचा सूर. घुम्या, तो सूर मला कानांनी ऐकूच आला नाही. तो खुर्चीतून आला. पायाखालची फरशी कुणीतरी खालून उचलून पुन्हा जागेवर ठेवली असं वाटलं. मास्तरांचा पाय ब्रेकवरून निघाला. आणि मी फळ्यांकडे बघत नव्हते, शपथ, पण आवाज झाला म्हणून पाहिलं, तर सगळे जबडे निघाले होते. खालचे, वरचे, सगळे. मी वाजवत राहिले. थांबवत नाही असं ते असतं, हे तू कधी सांगितलं नाहीस.

तुझे जबडे काठाशी येऊन थांबत. माझे थांबले नाहीत. प्लास्टरचे चार-पाच गेले त्याचं विशेष नाही, पण त्यांच्यामागून रांगेत शेवटी एक तयार कवळी चालत आली, अगदी नवी, गुलाबी, उद्घाटनासाठी घडवलेली. ती काठावर क्षणभर हसली आणि खाली फरशीवर पडून तिचे दोन तुकडे झाले. ती कवळी तलावाच्या अध्यक्षांची होती. हेच ते अध्यक्ष, ज्यांनी मागच्या वेळी तलाव बंद करताना इतकं लांब भाषण केलं होतं की तेवढ्यात पाणी आटलं. आता त्यांना दात नाहीत आणि उद्घाटनाआधी ते होणारही नाहीत. भाषण रद्द झालं. त्यांच्या सुनेने कवळीवाल्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली की खरंच होणार नाही ना, आणि मग फुलं पाठवली. भाषणाचा सगळा वेळ बँडला मिळाला आहे.

तुला वाटेल, आता ठराव मागे घेतला असेल. मलाही वाटलं. पण तुकडे वेचताना कवळीवाले म्हणाले, "घुम्याच्या वेळी एकही पडली नव्हती," आणि वन्संनी ते लगेच धरलं. म्हणजे आधी सूर उथळ म्हणून मी नको होते आणि आता खोल म्हणून नको आहे. ठराव कायम.

तेव्हा रजा काढ आणि ये. समोरच्या खोलीत तुझं अंथरूण घातलेलं आहे. गिटार जशी हवी तशी मळलेली मिळेल. बाकी सर्व ठीक. जेवणाच्या वेळा पाळ. भाऊजींचा नमस्कार, वन्संचा आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. वन्संनी पत्र वाचलं. "बुडबुडला" हा शब्द त्यांना आवडला नाही. बाकी ठीक म्हणाल्या आणि पाकीट स्वतः चिकटवलं. मी ते टपाल कचेरीत वाफेवर उघडलं आहे (कारकुनाची चहाची किटली; माझा आयुष्यभराचा धंदाच तो) आणि हे काउंटरवर उभ्याने लिहिते आहे. येऊ नकोस. वर जे "ये" लिहिलंय, ते ठरावाचं आहे, माझं नाही. तो सूर मला तलावावर वाजवायचा आहे. का ते विचारू नकोस, कारण मला सांगता येणार नाही, आणि मला सांगता न येण्यासारखी गोष्ट या वयात पहिल्यांदाच सापडली आहे.

ता. क. दुसरा. आपण होऊन तू कुणाला नकार कळवशील हे शक्य नाही. तू नुसता गप्प बसशील, आणि तुझं गप्प बसणं म्हणजे होकार असं वन्सं समजतील. म्हणून सोबत एक कार्ड ठेवलं आहे. पत्ता वन्संचाच घातला आहे. मजकूर मी तुझ्या अक्षरात लिहिला आहे: "रजा नाही." आधी "दिलगीर आहे" असंही लिहिलं होतं, पण तू तसं कधी लिहिलं नसतंस, म्हणून खोडून नवं कार्ड घेतलं. फक्त खाली सही कर आणि आजच टाक. सही नेहमीसारखी गिचमीड कर. नीट केलीस तर वन्सं ओळखतील की ती मी केली आहे.